लक्षणांच्या १३ महिने आधी: जीवघेण्या कौटुंबिक निद्रानाशातील एका वाहकाचे पेट स्कॅन

प्रायॉन हे प्रथिन विकृत होऊन मेंदू बिघडवते अशा प्रायॉन आजारांच्या वैद्यकीय साहित्यात एका माणसाच्या मेंदूच्या दोन तपासण्यांची नोंद आहे. पहिल्या वेळी पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा ग्लुकोजवापर दाखवणारी तपासणी, नॉर्मल आला. दुसऱ्या वेळी मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस नेहमीपेक्षा कमी ग्लुकोज वापरताना दिसला. बाकी मेंदू ठीक होता. दोन्ही वेळा ही व्यक्ती निरोगीच समजली जात होती. दुसऱ्या स्कॅननंतर १३ महिन्यांनी तिला जीवघेणा कौटुंबिक निद्रानाश सुरू झाला. पहिला स्कॅन आजाराच्या ३२ महिने आधीचा होता.

पिएत्रो कोर्तेल्ली, डॅनिएला पेरानी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी २००६ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध केले. एकाच कुटुंबातील ९ निरोगी वाहक (आजाराचे जनुकीय उत्परिवर्तन अंगात असलेले), त्याच कुटुंबातील उत्परिवर्तन नसलेले १० जण आणि त्यांच्या वयाचे बाहेरचे १९ जण अशा तिघा गटांची त्यांनी अनेक वर्षे पुन्हा पुन्हा तपासणी केली. अभ्यास सुरू होताना सगळ्यांचे सगळे अहवाल नॉर्मल होते. पुढे वाहकांपैकी चौघांना आजार झाला. त्या चौघांचे नॉर्मल स्कॅन आजाराच्या अनुक्रमे ६३, ५६, ३२ आणि २१ महिने आधीचे होते. त्यांतल्या ३२ महिनेवाल्या व्यक्तीची मध्ये पुन्हा एकदा तपासणी झाली. आपले प्रकरण तेच. या लेखात तिला फक्त ‘वाहक’ म्हणू.

हे प्रकरण निवडण्याचे कारण सांगतो. आनुवंशिक प्रायॉन आजारांत मेंदूच्या प्रतिमांवर जे लिहिले जाते त्यातले बहुतेक आजारी माणसांबद्दल असते, तेही आजार बराच पुढे गेल्यावरचे. निरोगी मेंदू आजारी होताना त्या उंबरठ्यावर टिपला गेल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. माझ्या मते हा एक स्कॅन डझनभर उशिराच्या स्कॅनपेक्षा जास्त शिकवतो. मात्र तो जेवढे सांगतो त्यापेक्षा जास्त त्याच्याकडून वदवून घेण्याचा मोहही तितकाच मोठा आहे.

आजाराची ओळख

१९८६ साली बोलोन्या विद्यापीठातील एलिओ लुगारेसी यांच्या गटाने ५३ वर्षांच्या एका पुरुषाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याची झोप उत्तरोत्तर नाहीशी होत गेली. सोबत ताप, घामाच्या धारा, आकसलेल्या बाहुल्या, मलमूत्रावरचा सुटलेला ताबा. पुढे जागेपणीच स्वप्नात वावरल्यासारखी अवस्था, अडखळते बोलणे, हातांना कंप, स्नायूंचे झटके. नऊ महिन्यांत तो गेला. त्याच्या दोन बहिणी आणि तीन पिढ्यांतले अनेक नातेवाईक असेच गेले होते.

शवविच्छेदनात जे दिसले त्याने सगळेच चकित झाले. चेतापेशींचा नाश थॅलॅमसच्या अँटेरिअर व्हेंट्रल आणि मीडिओडॉर्सल या दोन केंद्रकांपुरता (चेतापेशींच्या समूहांपुरता) होता. तिथल्या चेतापेशी मोठ्या प्रमाणावर मेलेल्या आणि त्यांच्या जागी तारकापेशींची, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची, गर्दी. प्रायॉन आजारात मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होतो, ती खूण तिथे नव्हती, म्हणून सुरुवातीला हा प्रायॉन आजार असेल असे मानायला फारसे कारणही नव्हते. १९९२ साली क्लीव्हलंडमधील पिएरलुईजी गाम्बेत्ती यांच्या प्रयोगशाळेतून आणि बोलोन्याच्या गटाकडून उत्तर आले: २० व्या गुणसूत्रावरच्या प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात १७८ व्या जागी ॲस्पार्टिक ॲसिडऐवजी ॲस्पॅराजिन.

त्याच वर्षी एक विलक्षण गोष्ट उघड झाली. हेच उत्परिवर्तन काही कुटुंबांत निद्रानाश घडवते, तर काहींत क्रॉइट्झफेल्ट-याकोब या झपाट्याने स्मृती बिघडवणाऱ्या प्रायॉन आजारासारखे चित्र. फरक ठरतो तो त्याच जनुकाच्या १२९ व्या जागेवर. जनुकाच्या दोन प्रतींपैकी बिघडलेल्या प्रतीवर तिथे मेथिओनिन हे अमिनो आम्ल असेल तर निद्रानाश, व्हॅलिन असेल तर दुसरा आजार. आणि दुसऱ्या, निरोगी प्रतीवर काय आहे त्यावर आजार किती भरभर सरकेल ते ठरते. दोन्हीकडे मेथिओनिन असलेल्यांचा आजार साधारणपणे झपाट्याने जातो, एकीकडे व्हॅलिन असलेल्यांचा जास्त काळ रेंगाळतो. हा तपशील पुढे प्रतिमा वाचताना लागणार आहे.

एमआरआय इथे का मदत करत नाही

स्मृती, चाल किंवा वागणूक झपाट्याने बिघडत असलेला रुग्ण आला की डॉक्टर एमआरआय सांगतात, आणि ते बरोबरच आहे. क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजारात डिफ्यूजन प्रतिमेवर (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयवर) मेंदूत खोलवर असलेली कॉडेट आणि प्युटामेन ही केंद्रके आणि मेंदूच्या बाह्यपटलाची कड उजळून दिसते. ही खूण इतकी ठळक असते की निदानाच्या निकषांत तिला जागा आहे. आनुवंशिक प्रकारांपैकी २०० व्या जागेवरच्या उत्परिवर्तनातही बहुतेक वेळा हेच दिसते. १८० व्या जागेवरच्या, मुख्यतः जपानमध्ये आढळणाऱ्या प्रकारात बाह्यपटल विस्तृत उजळते आणि सुजल्यासारखे दिसते; रुग्णाची हालत मात्र त्या मानाने सावकाश बिघडते. १०२ व्या जागेवरच्या उत्परिवर्तनाने होणाऱ्या गेर्स्टमन-स्ट्रॉयस्लर-शाइन्कर आजारात सुरुवातीचा एमआरआय पुष्कळदा नॉर्मल असतो, आणि पुढे लहान मेंदू आकसत जातो.

जीवघेण्या कौटुंबिक निद्रानाशात डिफ्यूजन प्रतिमा सहसा काहीच दाखवत नाही. फार तर वयाच्या मानाने थोडा आकसलेला मेंदू. याचे कारण पेशींच्या पातळीवर आहे. उतींमध्ये सूक्ष्म पोकळ्या तयार झाल्या की पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते, आणि ती अडवणूकच पडद्यावर उजळ दिसते. इथे थॅलॅमसमध्ये पोकळ्या फारशा नसतात. चेतापेशी मरतात आणि तारकापेशी वाढतात. पाणी अडत नाही. काही रुग्णांत मोजमाप केल्यावर ते उलट जास्त मोकळेपणाने फिरताना आढळले. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने थॅलॅमसची रासायनिक तपासणी केली तर मायो-इनोसिटॉल वाढलेले सापडते, जे तारकापेशींच्या वाढीशी जुळते. पण ही तपासणी मुद्दाम मागवावी लागते, आणि मागवायची तर आधी थॅलॅमसचा संशय यायला हवा.

दुसऱ्या मदतनीस तपासण्याही इथे कच्च्या पडतात. पाठीच्या पाण्यातले १४-३-३ प्रथिन बहुधा नसते आणि ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) ठराविक काळाने येणाऱ्या टोकदार लहरीही सहसा नसतात. म्हणजे ज्या तीन गोष्टींवर डॉक्टर प्रायॉन आजार ओळखायला शिकलेले असतात, त्या तिन्ही नॉर्मल येतात. झोप उडालेली, घाम फुटलेला, वजन घटलेले, दुहेरी दिसणारा, तोल जाणारा रुग्ण मग मानसोपचाराकडे पाठवला जातो. नॉर्मल एमआरआयचा अहवाल ‘मेंदूत काही नाही’ असा वाचला जातो, यातच या आजारातले सर्वांत मोठे नुकसान होते असे मला वाटते.

याचा अर्थ एमआरआय करू नये असा मुळीच नाही. दोन्ही थॅलॅमसना एकदम रक्त पुरवणाऱ्या पर्शेरॉन धमनीचा झटका, खोल शिरांतली गुठळी, थायमिनच्या अभावाने होणारा वेर्निके आजार, दोन्ही बाजूंना पसरलेली गाठ या सगळ्यांत थॅलॅमस बाधित होतो, आणि त्यांतल्या काहींवर इलाज आहे. ते सगळे एमआरआयवर दिसतात. तो नॉर्मल येणे ही इथे खरीखुरी माहिती आहे. फक्त ती अर्धी आहे.

ग्लुकोजचा नकाशा

एफडीजी-पेटमध्ये शिरेतून ग्लुकोजचे किरणोत्सर्गी भावंड देतात. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे ते तिथेच अडकून राहते. जिथे काम जास्त तिथे साठा जास्त. त्यातल्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य साधारण ११० मिनिटे असते, आणि त्या वेळात मेंदूचा कुठला भाग किती कामात होता याचा नकाशा मिळतो.

कोर्तेल्ली यांच्याच गटाने १९९७ साली सात आजारी रुग्णांचे पेट स्कॅन प्रसिद्ध केले होते. सातही जणांत थॅलॅमसचा ग्लुकोजवापर खूप घटलेला होता आणि सिंग्युलेट पटलाचा थोडा. सहा जणांत ही घट पुढच्या पटलाचा काही भाग, कॉडेट आणि शंखपटलाचा मधला-खालचा भाग इथपर्यंत पसरली होती. १२९ व्या जागेवर दोन वेगळी अमिनो आम्ले असलेल्यांत पसारा जास्त होता. त्यांचा आजार स्कॅनच्या वेळी जास्त जुनाही होता, त्यामुळे पसाऱ्याचे श्रेय जनुकाला किती आणि काळाला किती हे वेगळे काढणे कठीण. ज्या सहा जणांचा मेंदू नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला, त्यांच्यात पेशी मेलेले सगळे भाग स्कॅनवर थंड होते. पण स्कॅनवरचा थंडपणा पेशीनाशापेक्षा जास्त पसरलेला होता, आणि विकृत प्रायॉन प्रथिनाच्या अस्तित्वाशी तो जुळत होता.

या शेवटच्या निरीक्षणापाशी थोडे थांबायला हवे. स्कॅनवर फिका पडलेला प्रत्येक भाग मेलेला नसतो. काही पेशी जिवंत असून मंदावलेल्या असतात. काही ठिकाणी थॅलॅमसकडून येणारे संदेश थांबल्यामुळे दूरचे पटल शांत होते. आपल्या वाहकाच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये थॅलॅमस फिका दिसला तेव्हा तिथल्या किती पेशी गेल्या होत्या आणि किती नुसत्या दमल्या होत्या हे चित्रावरून ठरवता येत नाही. उपचाराच्या दृष्टीने मात्र सगळा प्रश्न तोच आहे. मंदावलेली पेशी परत आणता येईल, मेलेली नाही.

थॅलॅमस वाचताना आणखी एक खबरदारी लागते, आणि ती अहवालांत नेहमी लिहिलेली नसते. गाढ झोपेत निरोगी माणसाच्याही थॅलॅमसचा ग्लुकोजवापर उतरतो. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्यांनीही उतरतो. झोप न येणाऱ्या रुग्णाला नेमक्या याच गोळ्या दिलेल्या असतात, आणि स्कॅनच्या अंधाऱ्या खोलीत तो पेंगतोही. म्हणून किरणोत्सर्गी द्रव्य देण्याच्या वेळी रुग्ण जागा होता का, आदल्या रात्री काय घेतले होते, हे लिहून ठेवल्याशिवाय ‘थॅलॅमसमध्ये घट’ या ओळीवर मी निदान उभारणार नाही.

दुसरा साक्षीदार

आपल्या वाहकाचे प्रकरण एका स्कॅनवर उभे नाही, म्हणून ते मला पटते. त्याच तपासणीत झोपेच्या ईईजीचे लहरींच्या वारंवारतेनुसार विश्लेषण केले तेव्हा स्लीप स्पिंडल नीट तयार होत नसल्याचे दिसले.

स्पिंडल म्हणजे हलक्या झोपेत ईईजीवर येणारे लहरींचे छोटे पुंजके. त्यांची वारंवारता सेकंदाला साधारण ११ ते १६ असते आणि प्रत्येक पुंजका किमान अर्धा सेकंद टिकतो. त्यांचा उगम थॅलॅमसमध्ये होतो: तिथले रेटिक्युलर केंद्रक आणि पटलाकडे जाणाऱ्या पेशी यांच्यातल्या देवाणघेवाणीतून ही लय तयार होते. आजार पुढे गेलेल्या रुग्णांत स्पिंडल आणि गाढ झोपेच्या संथ लहरी नाहीशा होतात, हे बोलोन्याच्या गटाला पहिल्या रुग्णापासून ठाऊक होते. इथे तीच खूण, फिक्या स्वरूपात, माणूस अजून बरा असताना दिसली.

एक तपासणी रसायनाची, दुसरी विजेची. एकीच्या चुका दुसरीत येत नाहीत. पेंगल्यामुळे पेट फिका पडला असता तर झोपेत स्पिंडल उलट भरपूर दिसायला हवे होते. दोन्ही तपासण्या एकाच वेळी एकाच अवयवाकडे बोट दाखवतात, तेव्हा ९ वाहकांच्या छोट्या अभ्यासातल्या एका व्यक्तीच्या निष्कर्षालाही वजन येते. आणि आजार सुरू झाल्यावर ज्या तिघांचे स्कॅन झाले त्या तिघांतही थॅलॅमसच फिका होता.

१३ आणि २१ या आकड्यांबद्दल

लेखकांनी निष्कर्ष काढला की मेंदूचा ऱ्हास थॅलॅमसमध्ये, लक्षणांच्या १३ ते २१ महिने आधी सुरू होतो. हा आकडा पुढे अनेक ठिकाणी उद्धृत होतो. तो कसा तयार झाला हे पाहिले तर त्याच्या मर्यादा कळतात.

२१ हा आकडा एका माणसाचा आहे: त्याचा स्कॅन तेव्हा नॉर्मल होता. १३ हा दुसऱ्याचा: त्याचा तेव्हा बिघडलेला होता. दोघांना जोडून ही चौकट झाली. आपल्या वाहकापुरते बोलायचे तर बदल ३२ आणि १३ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी झाला, एवढेच हातात आहे. एकाच कुटुंबात, एकाच उत्परिवर्तनाखाली आजाराचा वेग १२९ व्या जागेनुसार बदलतो. मग लक्षणांपूर्वीचा काळही सगळ्यांचा सारखा असेल असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

शिवाय ‘आजार सुरू झाला’ तो दिवस कोणता? हा निद्रानाश एका रात्रीत येत नाही. आधी दिवसा लक्ष लागत नाही, चिडचिड होते, झोप तुटक होते, कधी दुहेरी दिसते. सुरुवातीची तारीख नंतर आठवून ठरवली जाते. १३ चा अर्थ मी ‘साधारण वर्षभर’ असाच घेतो.

एवढे सगळे वजा करूनही जे उरते ते महत्त्वाचे आहे. अल्झायमर आजारात अमायलॉइड हे प्रथिन लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साठत असते आणि पेटवर दिसते. हंटिंग्टन आजारात कॉडेट निदानाच्या अनेक वर्षे आधी आकसू लागते. जीवघेण्या कौटुंबिक निद्रानाशात उत्परिवर्तन जन्मापासून असते, बिघडू शकणारे प्रथिन आयुष्यभर तयार होत असते, तरी प्रतिमेवर आणि ईईजीवर मेंदू शेवटच्या एक-दोन वर्षांपर्यंत अगदी नॉर्मल राहतो. मग उतार सुरू होतो तो वेगाने. रक्तातले न्यूरोफिलामेंट लाइट हे चेतापेशींच्या इजेचे प्रथिन अलीकडे प्रायॉन जनुकाच्या वाहकांमध्ये मोजले जाते. तेही आजार जवळ आल्यावरच वाढते. वेगळ्या मार्गाने आलेली माहिती त्याच दिशेला जाते आहे.

वाहकाला काय सांगायचे

इथे प्रश्न प्रतिमाशास्त्राच्या बाहेर जातो, आणि मला तो टाळता येत नाही. निरोगी वाहकाचा पेट नॉर्मल आला तर त्याला दिलासा द्यावा का? या प्रकरणावरून उत्तर असे निघते की नॉर्मल स्कॅन जेमतेम वर्षभरापुरता बोलतो. त्यापुढचे तो काहीच सांगत नाही. आणि थॅलॅमस फिका आला तर? मग त्या माणसाला एकाच वाक्यात दोन गोष्टी कळतात: उत्परिवर्तन आपल्यात आहे, आणि वेळ थोडा आहे. या कुटुंबांतल्या अनेकांनी आपला जनुकीय निकाल जाणून घ्यायचा नाही असे ठरवलेले असते. तो त्यांचा हक्क आहे. स्कॅन तो हक्क न विचारता हिरावून घेऊ शकतो. आज आजार थांबवणारे सिद्ध औषध नसताना, केवळ पाहण्यासाठी म्हणून निरोगी वाहकाला किरणोत्सर्गी द्रव्य टोचून वर्षानुवर्षे स्कॅन करावेत, हे मला पटत नाही.

संशोधनात मात्र या तपासणीला खरी जागा आहे. इटलीतील व्हेनेटो भागात अशाच एका कुटुंबासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची प्रतिबंधात्मक चाचणी आखली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आराखड्यानुसार ४२ वर्षांपुढील १० वाहकांना औषध आणि त्याच कुटुंबातील वाहक नसलेल्या १५ जणांना निष्क्रिय गोळी, असा तो दहा वर्षांचा बेत होता. दोन्ही गटांतल्या सगळ्यांना गोळ्या मिळत असल्यामुळे गोळी घेणाऱ्याला आपण वाहक आहोत की नाही हे कळत नाही. मला हा आराखडा फार माणुसकीचा वाटतो. २००६ च्या अभ्यासातले उत्परिवर्तन नसलेले १० नातेवाईक तुलनेसाठी होते. पुढच्या कोणत्याही अभ्यासात असे नातेवाईक घेतले आणि स्कॅनही दोन्ही गटांचे सारखेच केले, तर गोपनीयतेचे तेच काम प्रतिमांच्या बाबतीतही होईल. अट एवढीच की अहवाल तपासणाऱ्यांपाशीच राहिले पाहिजेत.

प्रायॉन प्रथिनाची निर्मितीच कमी करणाऱ्या अँटिसेन्स औषधाच्या मानवी चाचण्याही आता सुरू झाल्या आहेत. पुढे असे औषध लक्षणांपूर्वी द्यायचे ठरले आणि थॅलॅमसचा पेट हा मापदंड म्हणून वापरायचा असेल, तर स्कॅनमधले अंतर या प्रकरणाकडे पाहूनच ठरवावे लागेल. समजा बदल लक्षणांच्या १३ महिने आधी दिसू लागतो. वर्षातून एकदा स्कॅन केला आणि एक स्कॅन बदलाच्या किंचित आधी पडला, तर पुढचा स्कॅन लक्षणांच्या जेमतेम महिनाभर आधी येईल. तोवर दोन्ही केंद्रकांतल्या किती पेशी उरल्या असतील याची शाश्वती नाही. दर सहा महिन्यांनी केला तर निदान सात महिने मिळतात. सोबत झोपेचा ईईजी ठेवला तर त्यात किरणोत्सर्ग नाही, तो घरीही करता येतो, आणि स्पिंडल खालावल्याचे दिसले तेव्हाच पेट मागवता येईल.